नेचे ओळखायचे तर पावसात. माझा परवाना आला दिवाळीला

गावातल्या झाडाप्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीतलं रानझाडांचं काम पंचायतीच्या समितीने माझ्याकडे दिलं आणि मी ते हौसेने घेतलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आमचं गाव म्हादई अभयारण्याला लागून आहे. मोठ्या झाडांची नावं इथे पोरांनाही येतात. गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणाऱ्या फळांची, वेलींची नावं आमच्या घरच्या बायकांना तोंडपाठ. ती पानं भराभर भरली. अडलं ते नेच्यांपाशी, म्हणजे फर्नपाशी.

नेच्याला फूल नाही, फळ नाही. त्याची खूण पानाच्या पाठीवर असते, बीजाणूंचे तपकिरी ठिपके किंवा रेघा, आणि बरेचसे नेचे त्या धरतात पावसाळ्यात. त्यासाठी अभयारण्यातले ओढे बघायचे होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभ्यासासाठी आत जायची परवानगी मिळते, म्हणून पावसाच्या तोंडावर अर्ज दिला.

पहिलं उत्तर आलं, की ज्या प्रजातींचा अभ्यास करणार त्यांची शास्त्रीय नावांसह यादी जोडा. नावं लावायलाच तर मला आत जायचं होतं! तसं लिहून दिलं, अर्ज परत आला. मग पंचायतीचं पत्र मागितलं. पत्र नेलं, तर त्यावर जावक क्रमांक नाही. क्रमांक घालून नेलं, तर फाईल वरच्या कार्यालयात गेलेली. वर विचारलं, तर खालून अभिप्राय यायचा आहे. खाली आले, तर कारकून म्हणणार, "बाई, सायब बैठकीला गेल्यात, सोमवारी या." असे सोमवार येत राहिले. गणपतीची चवथ होऊन गेली. बाहेर बांधावर रोज नेच्याच्या पानाचं एक नवं कुंडल उलगडत होतं आणि मी बाकावर बसून होते.

त्या कारकुनावर माझा राग नाही, त्याने निदान पाणी तरी विचारलं. राग या गोष्टीचा, की एवढ्या रकान्यांत हंगामाचा रकाना एकही नाही. वाघ मोजायचा अर्ज आणि नेचे बघायचा अर्ज एकाच गठ्ठ्यात, एकाच चालीने सरकतो. कातळावरचा हंसराज हा नेचा काही फाईलीसाठी थांबत नाही. परवाना हातात पडला तेव्हा दिवाळी आली होती आणि ओढ्याकाठच्या त्या कातळावर हंसराजाच्या नुसत्या काळ्या काड्या उरल्या होत्या. आजही आठवलं की जीव तळमळतो.

त्या महिन्यांत मी हद्दीबाहेर जे शिकले ते मात्र पक्कं झालं. कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, चिऱ्यांचा बांध, रस्त्यासाठी कापलेली दरड, देवराईची कड, एवढं पुरतं. पान आधी उलटं करायचं. हंसराजाची कडच मागे दुमडून बीजाणू झाकते. टेरिस नावाच्या नेच्यात पर्णिकेच्या कडेने सलग पट्टी असते. ब्लेक्नम नावाच्या नेच्यात दोन रेघा मधल्या शिरेला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. दरडीवर एक नेचा हमखास भेटतो, त्याची पाठ पांढऱ्या भुकटीने भरलेली. काळ्या कापडावर दाबला की पानाचा ठसा उमटतो. तो पिटिरोग्रामा, मूळचा अमेरिकेचा. बाशिंग नावाच्या नेच्याला पानं दोन तऱ्हेची: आखूड, वाळकी पानं खोडाला धरून पालापाचोळा साठवतात आणि लांब हिरव्या पानांवर बीजाणू येतात. ठिपके नसलेल्या कोवळ्या नेच्याला नाव लावायच्या भरीस पडू नका. जागा नोंदवून ठेवा, पुन्हा जा.

झुडपं त्यामानाने सोपी. पानं समोरासमोर आहेत का ते पाहा, मग दोन देठांच्या मधोमध खोडावर छोटं टोक आहे का ते बघा. असलं तर बहुतेक पिटकोळीचं कूळ. गेळ त्यातलाच, आणि फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातलं, म्हणजे निदलपुंजातलं, एकच दल पांढऱ्या पानासारखं वाढवणारा मुसांडाही. पानाच्या बुडापासून टोकापर्यंत तीन किंवा पाच उभ्या शिरा ठळक दिसल्या तर मेलास्टोमाचं कूळ धरा. अंजनी त्याच कुळातली, पण तिच्या जाड पानावर त्या शिरा दिसत नाहीत, तेव्हा तिची निळी फुलं येईपर्यंत थांबा.

फोटो चार काढा: पूर्ण झाड, पानाची पाठ, देठाच्या बुडाचे खवले, आणि ते कशावर उगवलंय ते. शेजारी मोजपट्टी ठेवा. अभयारण्यातून पान तोडून आणू नका, कलम २९ त्याला मनाई करतं.

अर्ज करणार असाल तर मार्चमध्येच करा. यादी मागितली तर कुळांची नावं द्या, आणि कोणत्या महिन्यात जायचं ते पहिल्याच ओळीत लिहा. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. या वर्षीचा माझा अर्ज असाच गेलाय, पोच कपाटात आहे.

आणि हो, दहापट दाखवणारं भिंग दोरीला बांधून गळ्यातच घाला. ओढ्याच्या पाण्यात पडलं की सापडत नाही.