एवढी ॲप्स असताना आणखी एक कशाला?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही नोकरी जुळवून देणारं ॲप केलं, हे कळलं की लग्नकार्यात भेटलेले काका असोत नाहीतर मुलाखत घेणारे साहेब, हमखास एकच प्रश्न विचारतात. नोकरी डॉट कॉम आहे, लिंक्डइन आहे, सरकारचं रोजगार विनिमय केंद्र आहे. मग एवढ्याशा गोव्यासाठी तुम्हा मुलांना वेगळं ॲप कशाला हवं होतं? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोवा एवढासा आहे, म्हणूनच हवं होतं. सगळं राज्य मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. मोठ्या ॲपला ते एखाद्या शहरासारखं दिसतं आणि 'तुमच्या जवळच्या नोकऱ्या' म्हणून ते अर्धा गोवा समोर ठेवतं. हे 'जवळ' बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशावरून काढलेलं सरळ रेषेतलं अंतर असतं. त्या हिशेबाने चोडणहून पणजी हाकेच्या अंतरावर आहे. पण मध्ये मांडवी नदी आहे. फेरीबोट धरून रायबंदरला उतरायचं, तिथून बस बघायची, आणि रात्री परतताना हेच सगळं उलट. सत्तरी तालुक्यातल्या मुलींचं त्याहून कठीण. वेर्ण्याच्या कारखान्यात दुसरी पाळी रात्री ११ला सुटते. त्या वेळी वाळपईला जाणारी बस कुठली? पगार चांगला, शिक्षण जुळतं, काम जमणारं, आणि तरी ती नोकरी तिची नाही. माझ्या गावातल्या कितीतरी मुलींनी नोकरी सोडली ती कामाला कंटाळून नव्हे, परतीच्या वाटेपायी. घरच्यांना काळजी, आणि रोज स्टँडवर घ्यायला कोण येणार?

म्हणून आमच्या ॲपची पहिली चाळण शिक्षणाची नाही, बसची आहे. मालकाला जागा टाकतानाच सांगावं लागतं की पाळी किती वाजता सुटते, कंपनीची गाडी आहे का, असली तर शेवटचा थांबा कुठला. नोकरी शोधणाऱ्याने फक्त आपला वाडा आणि गाव सांगायचं. कदंबाच्या, म्हणजे सरकारी, आणि खासगी गाड्यांच्या वेळा आम्ही फोंडा, साखळी, डिचोलीच्या स्टँडवर उभं राहून कंडक्टरांना विचारून लिहून घेतल्या. परतीची सोय नसलेली जागा यादीत खाली जाते आणि तिच्याशेजारी कारणही लिहिलेलं येतं. कारण लिहिण्यावर मी हट्ट धरला. आपल्याला जागा का मिळाली नाही हे कुणी सांगतच नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं स्वतःतच खोट शोधत बसतो.

दुसरं कारण खाणींचं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे थोड्याफार सुरू झाल्या आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या घरांना ही तारीख पाठ आहे. टिपर चालवणारे, बार्जवर काम करणारे, वर्कशॉपमध्ये हात काळे करणारे असे किती तरी लोक एकदम घरी बसले. त्यांच्याकडे बायोडेटा नव्हता, कारण त्यांना तो कधी कुणी मागितलाच नव्हता.

सुरुवातीला आमच्या फॉर्मवर इतर सगळ्यांसारखाच रकाना होता, 'कौशल्ये'. पिसुर्ल्याचे एक मामा आमच्यासमोर तो भरायला बसले आणि बराच वेळ मोबाईलकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, 'म्हाका कांय येना गो, हांव ड्रायव्हर.' माझ्या मैत्रिणीने मोबाईल बाजूला ठेवला आणि विचारलं, 'मामा, आजवर काय काय चालवलंत?' मग मामा बोलायला लागले. टिपर, लोडर, पोकलेन. पावसाळ्यात चिखलाच्या उतारावरून भरलेली गाडी कशी उतरवायची, ब्रेकचा आवाज बदलला की काय समजायचं, गाडी बंद पडली तर मेकॅनिक येईपर्यंत काय बघून ठेवायचं. हे सगळं एखाद्या कंपनीने वाचलं असतं तर तिने त्यांना त्याच दिवशी बोलावलं असतं. त्या संध्याकाळी आम्ही तो रकाना काढून टाकला. आता ॲप साधे प्रश्न विचारतं. काय चालवलंत, काय दुरुस्त केलंत, किती माणसांचं जेवण रांधलंत, कुणाच्या हाताखाली किती वर्षं होता. उत्तर बोलून दिलं तरी चालतं, मराठीत किंवा कोंकणीत. त्यातून बायोडेटा आम्ही तयार करतो आणि तो पुढे जाण्याआधी त्यांना वाचून दाखवतो.

इंजिनिअरिंगवाले विचारतात, अल्गोरिदम कुठला? डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली स्थिर जोड्या जुळवण्याची रीत मांडली. दोन्ही बाजूंनी आपापली पसंती क्रमाने द्यायची, आणि मग अशा जोड्या लावायच्या की एकमेकांना आपल्या जोडीदारापेक्षा जास्त पसंत करणारे दोघे वेगवेगळ्या जोड्यांत उरता कामा नयेत. शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयासाठी. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयं याच धर्तीवर मिळतात. आम्ही ती रीत वाचली, लिहून पाहिली आणि बाजूला ठेवली. ती चालायला सगळे एकाच वेळी, पूर्ण यादी घेऊन यावे लागतात. आपल्याकडे कळंगुटचं हॉटेल ऑक्टोबरचा सीझन तोंडावर आला की माणसं शोधतं, कुंडईचा कारखाना माणूस सोडून गेला की शोधतो, आणि मुलं चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून आम्ही त्यातलं एकच तत्त्व घेतलं. मालकाची पसंती आणि माणसाची पसंती या दोन्हींना सारखं वजन. जागा टाकणारा पैसे देतो म्हणून त्याचं पारडं जड करायचं नाही.

यावरून आमची काही मालकांशी चांगलीच वादावादी झाली. पगाराचा आकडा लिहिल्याशिवाय जागा प्रसिद्ध होत नाही, हा नियम त्यांना पटेना. 'बोलून ठरवू' म्हणायची सवय पडलेली. काही जण निघून गेले. मला त्याचं वाईट वाटत नाही. दोन बस बदलून, एका दिवसाचा रोज बुडवून मुलाखतीला आलेल्या माणसाला पगार तिथे पोचल्यावर सांगणं हा अन्याय आहे.

नोकरी शोधणाऱ्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हे तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. २०२४च्या अखेरीस सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळल्याची प्रकरणं गोव्यात एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. दागिने मोडून पैसे देण्याची वेळ माणसावर का येते? सरळ वाटेने काही होणार नाही अशी त्याची खात्री पटलेली असते म्हणून. त्यामुळे आमच्या ॲपवर जागा टाकणाऱ्या प्रत्येकाच्या दारात कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन येतं, आणि माणसाने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याचा फोन नंबर मालकाला दिसत नाही.

हे दारात जाणं मोठ्या कंपनीला परवडणार नाही. आम्हाला परवडतं, कारण आमची मुलं त्याच गावांतून कॉलेजला येतात. पास होऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा काम दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींकडे सोपवलं. सध्या त्यांनी पेडण्याकडचं हाती घेतलंय. मोपा विमानतळ झाल्यापासून तिकडच्या पाळ्या चोवीस तासांच्या झाल्यात, आणि पहाटेच्या पाळीला कोरगावहून, तोरश्याहून माणूस पोचणार कसा, याची माहिती ती गावोगाव फिरून गोळा करताहेत.