म्हातारा गीझर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरांत होळी झाली की गीझरचं बटण बंद होतं, ते नरकचतुर्दशीच्या पहाटे पुन्हा दाबलं जातं. घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राला एवढी लांब रजा मिळत नसेल. रजा संपते तीही अभ्यंगाच्या घाईत. तेल लागलेलं, उटणं भिजलेलं, आणि नळाला येतं कोमट पाणी. दिवाळीत थंडी बेताची असते, म्हणून ‘चालतंय की’ म्हणून विषय मिटतो. डिसेंबरातल्या तानसेन संगीत समारोहापर्यंत पाणी आणखी कोमट होतं. मग जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि गीझर बसतो. त्या आठवड्यात सगळ्या गल्लीचेच गीझर बसलेले असतात. मिस्त्री मिळत नाही, आणि मिळाला तर वर बघूनच निकाल देतो: ‘साब, पुराना हो गया, नया ले लो.’

तो खोटं बोलतो असं नाही, पण वय हा गीझरच्या बाबतीत कच्चा पुरावा आहे. गीझरमध्ये एक टाकी असते आणि बाकी सगळे सुटे भाग. पाणी तापवणारी कॉइल, ते पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, फारच तापलं तर वीज तोडणारा कटआउट, जोडातली रबरी गॅस्केट, दाब वाढला की पाणी सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकीला गंजापासून वाचवणारा ॲनोड हे सगळं नवं बसवता येतं. टाकी मात्र सहसा बदलता येत नाही. म्हणून आधी टाकीची तब्येत बघायची, मग दुरुस्तीचा भाव विचारायचा.

पाणी तापत नाही ही तक्रार बहुतेक वेळा टाकीची नसते. मेन स्विच बंद करून, तारा सोडवून, मल्टिमीटर कॉइलच्या दोन टोकांना लावावा. 2000 वॅटची कॉइल 230 व्होल्टला असेल तर सुमारे 26 ओहम रोध दिसायला हवा. काहीच दिसत नसेल तर कॉइल तुटली. 26 दिसत असतील तर कॉइलला दोष देण्यात अर्थ नाही, मग थर्मोस्टॅट किंवा कटआउट तपासा. कॉइलचं टोक आणि गीझरचं पत्र्याचं अंग यांच्यातही मीटर लावून बघावा. तिथे काही शे किंवा हजार ओहम दिसले तर कॉइलचं आवरण फुटलंय आणि करंट पाण्यात उतरतोय. घरात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो अशा वेळी सारखा पडतो. त्याला वैतागून तो बायपास करणारे महाभाग आहेत, त्यांना नमस्कार.

कॉइलला हात लावायच्या आधी व्होल्टेज बघावं. 12 अंशांचं 15 लिटर पाणी 60 अंशांवर न्यायला 2000 वॅटला साधारण 25 मिनिटं लागतात. व्होल्टेज 180 वर आलं की तीच कॉइल जेमतेम सव्वाबाराशे वॅट देते, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतात. मग 25 ची 40 मिनिटं होतात. अशा घरात नवा गीझर लावला तरी तोही तेवढाच वेळ घेईल.

गीझर तापताना आतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येत असेल तर क्षार चढलाय. पाणी तापलं की त्यात विरघळलेला बायकार्बोनेट चुन्याच्या रूपात बाहेर पडतो, आणि तो जिथे सर्वांत गरम तिथे, म्हणजे कॉइलवर, बसतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिचा तो आवाज. ज्या घरात तिघरा धरणाचं नळाचं पाणी कमी पडतं आणि बोअरचं पाणी घराच्या टाकीत चढवावं लागतं, तिथे हा थर लवकर जाड होतो. कॉइलची उष्णता पाण्यात जायला अडखळते, शेजारच्या नळीत बसलेला थर्मोस्टॅट आधीच तापून वीज तोडतो, आणि पाणी कोमटच राहतं. उपाय स्वस्त आहे. इनलेटचा कॉक बंद करून पाणी काढून टाका, तारांचा फोटो काढा, कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते त्या फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने सोडवा, कॉइल बाहेर घ्या आणि लिंबूसत्वाच्या किंवा व्हिनेगरच्या गरम पाण्यात बुडवून ठेवा. थर आपोआप सुटतो. संडासाचं ॲसिड वापरू नका, ते क्षाराबरोबर कॉइलचं आवरणही खातं. गॅस्केट मात्र प्रत्येक वेळी नवंच टाकावं. जुनं परत बसवून वाचवलेले पैसे पहिल्याच दिवशी थेंबाथेंबाने वाहून जातात.

कॉइल बाहेर आलीच आहे तर तिच्या शेजारचा ॲनोड हातात घेऊन बघा. नवा असताना तो बोटाएवढा जाड, गुळगुळीत, करडा मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकीच्या पोलादाऐवजी आपण गंजायचं, एवढंच त्याचं काम. झिजलेला ॲनोड खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो, त्यावर पांढरी भुकटी जमते, आणि शेवटी मधली पोलादी तार तेवढी उरते. तार दिसली की समजायचं, आता टाकीची पाळी. ॲनोड वर्षा-दोन वर्षांनी बदलत गेलं तर टाकी खूप टिकते. काही मिस्त्री सफाईनंतर तो परत बसवतच नाहीत, आणि घरच्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

गळतीचा निकाल लावताना घाई करू नये. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकणं ठीक आहे. 15 लिटर पाणी 10 वरून 60 अंशांवर गेलं की पाव लिटरभर फुगतं, आणि मागे परतायची वाट व्हॉल्व्हने बंद केलेली असते. ते ठिबकणं थांबवायला व्हॉल्व्हला बूच मारणं म्हणजे बॉम्ब बनवणं. फ्लँजजवळ ओल असेल तर गॅस्केट, पाइपाच्या जोडाशी असेल तर टेप किंवा वॉशर. पण बाहेरच्या पत्र्याच्या तळातून, कुठल्याच जोडाशी संबंध नसलेल्या जागेतून पाणी झिरपत असेल, तर टाकी फुटली. आतून काचेचा मुलामा असलेल्या टाकीला वेल्डिंग लावता येत नाही, कारण उष्णतेने मुलामाच तडकतो. इथे म्हाताऱ्याला निरोप द्यावा. गरम नळाला तांबूस पाणी येत असेल तर मात्र आधी गीझरच्या आउटलेटखालीच बादली धरून बघा. जुन्या वाड्यांतले जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप गंजलेले असतात आणि आळ गीझरवर येतो.

जुन्या तांब्याच्या टाकीची गोष्ट वेगळी. ती झाळून घेता येते, आणि नाहीच झाली तर तांबं म्हणून वजनावर विकली जाते. भंगारवाला ‘पूरा सेट’चा भाव सांगत असेल तर टाकी आधी उघडून बघावी.

नवा घेतला की बिल निम्मं होतं, हे दुकानातलं वाक्य. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला जुनी कॉइलही तेवढीच वीज घेते. फरक पडतो तो तापलेलं पाणी टाकीत पडून राहतं तेव्हा. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल महत्त्वाचं, आंघोळीपुरतं लावणाऱ्याला फारसं नाही. म्हणून टाकी धड असेल आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल, तर माझं मत दुरुस्तीच्या बाजूने. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तोच भाग गेला, तर मत बदलावं.

नवा घेतलाच तर भिंतीकडे बघा. 25 लिटरचा गीझर भरला की वजन 35 किलोच्या पुढे जातं. लष्करातल्या जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीत नेहमीचा फास्टनर गोल गोल फिरतो, धरत नाही. आरपार बोल्ट किंवा लोखंडी अँगल लावून घ्यावा. सॉकेट 16 ॲम्पिअरचं, वायर तांब्याची, किमान अडीच चौरस मिलिमीटरची, अर्थिंग तपासलेलं. आणि बटण दाबण्याआधी गरम नळ उघडून हवा निघून जाऊ द्या, सलग धार येईपर्यंत. कोरड्या टाकीत कॉइल पेटवली तर ती पाहता पाहता जळते, आणि त्यावर वॉरंटी मिळत नाही.