गणित सोडायला चंदगडला निघाले होते

मे २०२३ मध्ये एस्सेल्सीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा निकाल लागला. विज्ञानात नव्वदीच्या वर, गणितात ६८. पेढे वाटून झाले आणि रात्री जेवताना मी जाहीर केलं, "डॉक्टर व्हायचंय, पण गणित नको." आप्पा भात कालवायचे थांबले. आई म्हणाली, "नको तर नको, त्यात काय?"

त्यात बरंच काही होतं. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. पहिली ते दहावी मराठी माध्यम, गावच्याच शाळेत. पुढं बेळगावात पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला जायचं तर फॉर्मवर चार विषयांचा गठ्ठाच निवडायचा असतो: पीसीएमबी नाहीतर पीसीएमसी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स दोन्हीकडे आहेतच, शेवटी बायोलॉजी की कॉम्प्युटर एवढाच फरक. गणिताच्या जागी होम सायन्स असलेलं पीसीबीएच आहे म्हणतात, पण आम्ही पायऱ्या झिजवल्या त्या कॉलेजांत नव्हतं.

मग महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामाचा फोन आला. "गे, इकडं ये की. इथं गणित सोडून पोरं भूगोल घेतात. आणि मेडिकलच्या नीट परीक्षेला गणित कुठं विचारतात?" मामाचं खरं होतं. नीटचे १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. गणित शून्य. मी बॅग भरायला घेतली.

दाखला आणायला शाळेत गेले तेव्हा हेडमास्तरांनी बसवून घेतलं. "दहावी कुठली तुझी?"

"इथलीच की सर."

"महाराष्ट्रात राज्याच्या ८५ टक्के कोट्यातली जागा पाहिजे तर दहावी आणि बारावी दोन्ही तिथली लागते. तुझी बारावी तिथली झाली तरी दहावी काय बदलणार आहे?"

मी म्हटलं, सीमाभागातल्या पोरांसाठी तिकडं राखीव जागा असतात असं मामा सांगतो. सर हसले. "असतात. मोजक्या. आणि ८६५ गावांतली पोरं त्यावर डोळा ठेवून." वर आणखी एक सांगितलं: कर्नाटकात पीयू सायन्सला एनसीईआरटीचीच पुस्तकं, नीटची तयारीही पोरं त्याच पुस्तकांवर करतात. बॅग परत कपाटावर गेली. पीसीएमबी घेतलं, भाषा मराठी आणि इंग्रजी.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि त्याच महिन्यात बायकांना सरकारी बस फुकट झाली. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडायचा. बसचे पैसे वाचले तेवढ्यावर आप्पांनी ट्यूशनची फी निम्मी तरी भागली असं मानलं.

पहिले दोन महिने विषय अवघड नव्हते, भाषा अवघड होती. सर "मोमेंटम" म्हणायचे आणि मी शेजारणीला हळूच विचारायची, हे म्हणजे संवेग काय? मग एक शंभर पानी वही घेतली. डावीकडं आपला शब्द, उजवीकडं त्यांचा. केंद्रक, न्यूक्लियस. विकर, एंझाइम. अपवर्तन, रिफ्रॅक्शन. वृक्क म्हणजे किडनी हे तर मला दहावीत कुणी सांगितलंच नव्हतं, मी वृक्क हा काहीतरी वेगळाच अवयव समजत होते. दिवाळीपर्यंत वही भरली आणि नंतर फारशी उघडावी लागली नाही.

गणिताचा धडा मात्र फिजिक्सनं शिकवला. दुसऱ्याच धड्यात, सरळ रेषेतल्या गतीत, सरांनी फळ्यावर डेरिव्हेटिव्ह लिहिलं. गणिताच्या पुस्तकात ते बाराव्या धड्यात येतं, म्हणजे कित्येक महिन्यांनी. वर्गातली निम्मी पोरं एकमेकांकडं बघत होती. मी गणिताच्या सरांना गाठलं, त्यांनी मधल्या सुट्टीत तीन दिवस बसवून लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह घालून दिलं. गणित सोडून गेले असते तर हेच गणित फिजिक्सच्या पुस्तकातून, एकटीनं शिकावं लागलं असतं. नीटला गणिताचा पेपर नाही हे खरं, पण फिजिक्सचे ते ४५ प्रश्न आकडेमोडीशिवाय सुटत नाहीत. चुकलं की एक मार्क कापतात, ते वेगळंच.

गणिताचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. कर्नाटकच्या सीईटी प्रवेश परीक्षेला चारही पेपर देता आले. इंजिनिअरिंगला जायचं नव्हतंच, पण कृषी, फार्मसी असे रस्ते सीईटीतून उघडे राहतात, आणि आप्पांना झोप लागायला ते पुरेसं होतं.

नीटचा फॉर्म भरताना भाषेचा रकाना आला. मराठी पेपर मिळतो, पण महाराष्ट्रातलं सेंटर घेतलं तर. कर्नाटकातल्या सेंटरला कन्नड मिळतं, मराठी नाही. कोल्हापूर घे म्हणून मामा पुन्हा मागं लागला. दोन वर्षं इंग्रजीत घोकल्यावर पुन्हा संवेग शोधत बसायची माझी हिंमत नव्हती. इंग्रजी टिकमार्क केलं.

कागदपत्रांत "व्यासंग प्रमाणपत्र" मागतात. मला वाटलं आता व्यासंग कुठून आणू! कन्नडात व्यासंग म्हणजे नुसतं शिक्षण, कुठल्या शाळेत कितवीला होता याचा दाखला. त्यावर आणि ग्रामीण दाखल्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. त्या सहीसाठी किती खेपा घातल्या ते लिहीत नाही. कुणी नव्यानं भरणार असाल तर हे दाखले निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

४ मे २०२५. फिजिक्सनं सगळ्यांनाच रडवलं, मीही गेटबाहेर येऊन रडले. सरकारी एमबीबीएस हुकलं. कौन्सेलिंगमध्ये आयुर्वेदाचं बीएएमएस मिळालं आणि मी घेतलं. आता संस्कृत श्लोक पाठ करते. इथं वृक्क पुन्हा भेटलं.

मामाची धाकटी यंदा दहावीला. परवा फोनवर विचारत होती, "ताई, डॉक्टर व्हायला गणित सोडलं तर चालतं ना?" मी म्हटलं, चालतं. पण कुणाचं तरी अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक मागून आण आणि तुमच्या बोर्डाचा दुसरा धडा कुठला आहे ते वाच. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला: "मॅथेमॅटिकल मेथड्स." पुढं रडकी इमोजी.