मणक्यातलं पाणी काढायलाच हवं का?

"डॉक्टरसाहेब, मणक्यातलं पाणी काढलं तर पाय जातील ना?" जळगावात मेंदूज्वराचा रुग्ण आला की त्याच्यामागे उभा असलेला कुणीतरी हे विचारतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

पाय जात नाहीत. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधून जाते. काढतो ते जेमतेम दोन चहाचे चमचे. शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार करतं.

रावेरकडच्या एक आजी आठवतात. मे महिना, ताप, असंबद्ध बडबड. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. तळपायांना कांद्याचा रस चोळून झाला होता. मी उशीवरून डोकं उचलायला गेलो तर मान वाकेना, खांदेच वर आले. साखर होतीच, शिवाय गुडघ्यांसाठी कित्येक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू. पाणी आलं ते गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं. कल्चरमध्ये, म्हणजे त्या पाण्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, निघाला लिस्टेरिया.

हा जंतू क्वचितच सापडतो. कच्च्या दुधातून, दूषित अन्नातून पोटात जातो, फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. धडधाकट माणसाला फार तर जुलाब होतात; म्हातारी माणसं, गर्भवती, नवजात बाळं, प्रतिकारशक्ती खचलेले यांना मात्र तो गाठतो. आणि मेंदूज्वरात सगळीकडे आधी दिलं जाणारं सेफ्ट्रायॅक्झोन त्याच्यावर अजिबात चालत नाही! त्याला लागतं जुनं, साधं अँपिसिलिन, दर चार तासांनी, निदान 21 दिवस. पन्नाशीपुढच्या रुग्णाला ते आम्ही अंदाजानेच जोडतो, आजींनाही सुरुवातीपासून दिलं. पण पाणी तपासलं नसतं, तर ताप उतरलेला बघून दहा-चौदा दिवसांत बंद केलं असतं आणि आजार उलटण्याची भीती राहिली असती. आजी वाचल्या. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते आजारामुळे.

कधी आम्हीच थांबतो. शुद्ध हरपत चालली असेल, झटके आले असतील, तर आधी सीटी स्कॅन. अँटिबायोटिकचं इंजेक्शन मात्र त्यासाठी रोखून धरत नाही. पाणी काढल्यावर काही दिवस डोकं दुखू शकतं, उठून बसलं की जास्त. हे मी सही घेण्याआधीच सांगतो.