नव्याण्णवच्या पुढे

मंगळवार, रात्री साडेदहा

ऑफिसमधल्या ज्युनिअर मुलीचा संध्याकाळी मेसेज आला. "ताई, मी तुम्हाला लिंक्डइनवर पाच स्किल्ससाठी एंडोर्स केलंय. तुम्हीपण मला कराल ना?" लिंक्डइन ही नोकरी-व्यवसायाच्या ओळखींची साइट, तिथं एंडोर्स करणं म्हणजे 'हिला हे काम येतं' अशी ग्वाही देणं. त्या पाचांत 'ऑडिट' आहे. तिनं मला ऑडिट करताना एकदाही पाहिलेलं नाही.

मग स्वतःचंच प्रोफाइल उघडून बसले. 'टॅक्सेशन'पुढे २६ जण. त्यांत शाळेतली मैत्रीण आहे, ती दातांची डॉक्टर. प्रेमानंच केलं असणार, तिच्यावर राग नाही. पण नोकरी देणाऱ्याला या आकड्यावरून माझा गोतावळा कळेल, काम कळणार नाही.

एंडोर्स करायची ही सोय २०१२च्या सप्टेंबरात आली. शिफारस चार ओळी लिहून द्यावी लागते, एंडोर्सला एक टिचकी पुरते. ओळखीच्या यादीतल्या कोणीही मारावी. ९९च्या पुढे तर आकडाही नाही, नुसतं अधिकचं चिन्ह. मध्यंतरी, २०१९मध्ये, कौशल्याच्या चाचण्या आल्या होत्या. त्या २०२३मध्ये बंद झाल्या. टिचक्या चालूच आहेत.

माझं काम खरं पाहिलंय ते पहिल्या नोकरीतल्या सरांनी. मार्चअखेरीला बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या नोंदी आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा मेळ, जुळेना, २७० रुपयांचा फरक. रात्रीचे नऊ वाजले होते, मी रडकुंडीला आलेले. सर म्हणाले, "नऊनं भाग जातोय ना? मग कुठेतरी अंक उलटे पडलेत. शोध." ४,३६०चा चेक मी ४,६३० लिहिला होता. तो सापडेपर्यंत ते शेजारी बसून राहिले, स्वतः शोधून दिला नाही. माझ्याबद्दल बोलायचा हक्क त्यांना आहे. ते या साइटवर नाहीतच.

त्या ज्युनिअर मुलीच्या यादीत बारा स्किल्स आहेत. त्यातलं एक मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून टिचकी न मारता शिफारस लिहायला घेतली: जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी) आणि खरेदी रजिस्टर ती ओळ न् ओळ ताडून बघते. एका पुरवठादाराचं बिल पोर्टलवर आलंच नव्हतं, ते तिच्या लक्षात आलं. विवरणपत्र भरायच्या आधी तिनं त्याला तीनदा फोन केला. न जुळणारा आकडा ती 'किरकोळ' म्हणून सोडत नाही.

एवढं लिहायला पाऊण तास लागला. पाठवलंय. बाकीच्या अकरांबद्दल तिला उद्या समोर बसवून सांगेन.