बोअरचं पाणी आणि फणसाचा पिवळा

कुडाळजवळच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत दोन चुली आणि तीन मोठी पातेली आहेत. सूत रंगवायचा आमचा सगळा धंदा एवढ्यावरच चालतो. सुरुवात झाली सॉ मिलमुळे. फणसाच्या गाभ्याचा पिवळाजर्द भुसा तिथे जळणात जायचा. मी तो पोत्यात भरून न्यायला लागले तेव्हा कामगार हसायचे.

हा भुसा उकळला की सोनेरी पिवळा उतरतो. पण सूत मोठं हट्टी. आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून त्यातलं मेण काढायचं, मग रात्रभर हिरड्याच्या पाण्यात ठेवायचं, मग तुरटीत. किलोभर सुताला दोनशे ग्रॅम हिरडा आणि दीडशे ग्रॅम तुरटी, हे आमचं माप. हिरडा वगळला तर तुरटी सुताला नीट धरत नाही.

पहिली मोठी ऑर्डर पाच किलोची, एका विणकराची. नेमका विहिरीचा पंप बिघडला, म्हणून बोअरचं पाणी घेतलं. सकाळी हिरड्यातून लड्या वर काढल्या तर करड्या! हिरडा जुना असेल म्हणत तसंच पुढे रेटलं, आणि पिवळ्याऐवजी हाती आला शेवाळी. ऑर्डर गेली. सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "अगो, ह्या पाण्याची चाय सुद्धा काळी पडता!" हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळं होणारच, पूर्वी शाई तशीच करायचे. आमच्या बोअरला लोह आहे, बादलीला तांबडा थर बसतो, तो मी रोज घासत होते. तरी डोक्यात आलं नाही.

काताचा तपकिरी त्या मानाने गुणी, फारसा रुसत नाही. कोकमाच्या रंगाची मागणी सारखी येते. त्याला मी सरळ नाही म्हणते. तो पातेल्यात सुंदर दिसतो आणि दोन धुण्यांत निघून जातो. पावसाळ्यात ऑर्डर घेत नाही. लड्या वाळायच्या आधी कुबट वास धरतात.

तो शेवाळी आता लोक मुद्दाम मागतात. त्यासाठी गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवून ठेवलेत, झाकण काढलं की सासरे अंगणात जाऊन बसतात. बोअरचं पाणी मात्र त्यालाही घेत नाही. त्यात लोह आज किती, उद्या किती, भरवसा नाही.