आईला चौकीत बोलावलं तेव्हा

मागच्या महिन्यात शेजारी चोरी झाली आणि दोन दिवसांनी आईला फोन, रात्री आठला चौकीत या, जबाब घ्यायचाय. आई घाबरून लगेच साडी बदलायला लागली, तिला वाटलं नाही गेलं तर आपल्यालाच पकडतील. म्हटलं थांब जरा.

पोलीस तपास, अटक कशी करायची हे ठरवणारा जुना कायदा म्हणजे सीआरपीसी, 1 जुलै 2024 पासून तो जाऊन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलंय, त्याचं कलम 179 वाचा. साक्षीदाराला बोलवायला लेखी आदेश लागतो, आणि कुठल्याही बाईला, 15 च्या आतल्या मुलाला, साठीच्या पुढच्या, अपंग किंवा खूप आजारी माणसाला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, घरीच येऊन विचारायचं, स्वतःहून जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

मी फोन करून शांतपणे एवढंच सांगितलं, आवाज अजिबात चढवला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार घरी आले आणि अर्ध्या तासात जबाब झाला. त्या जबाबावर सही करायची नसते बरं का, कलम 181.

अटक झाली तर कारण सांगावंच लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेटता नक्की येतं, मागा.

आईने 179 हा आकडा फोनच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.